नऊ मैल जास्त

१

बहात्तर साली केडगावात माणसाला आठवड्यातून दोनदा अंघोळ होती आणि बापूसाहेबांच्या जुन्या काळ्या गाडीला रोज. टँकरच्या तीन बादल्या मिळायच्या. पहिली गाडीची, दुसरी चुलीची, तिसरीत काय ते बाकीचं. हा नियम दुष्काळाच्या आधीपासूनचा होता आणि दुष्काळ पडला म्हणून तो कुणाला लाजला नव्हता.

सहादेव ती पहिली बादली घेऊन गाडी पुसायचा आणि शिव्या द्यायचा. मनातल्या मनात द्यायचा, ते फक्त आईनं हात जोडले म्हणून. त्याचा बाप गहिनीनाथ याच गाडीवर एकतीस वर्षं ड्रायव्हर होता. आषाढात त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि तो खाटेला लागला. पोरगा तेव्हा नुकताच पॉलिटेक्निक सोडून घरी आलेला. प्रॅक्टिकलचे मार्क हवे असतील तर मास्तरांची स्कूटर धुवावी लागे. त्यानं ते भर वर्गात बोलून दाखवलं आणि मास्तरांनी त्याला भर वर्गात बाहेर काढलं. स्कूटर नको म्हणून आला आणि बापाची गाडी धुवायला लागला, एवढीच काय ती प्रगती.

गाडीखान्याला लागून एक खोली होती. ती ड्रायव्हरची. ड्रायव्हर असेल तोवर खोली, नसेल त्या दिवशी बाहेर. बापूसाहेबांनी हे कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. मोठ्या माणसांना अशी वाक्यं बोलावी लागत नाहीत, समोरचाच ती पाठ करून ठेवतो.

मार्गशीर्षात बापूसाहेबांचा पुतण्या मुंबईहून आला. घरी तो रंगनाथ होता, मुंबईत रॉनी. येताना त्यानं विलायती गाडी आणली. लाल, दोन सीटांची, इतकी बुटकी की शेजारची शेळी तिच्यावरून पलीकडचं बघू शकत होती. बापूसाहेब काठी टेकत बाहेर आले, एक फेरी मारली आणि म्हणाले, "यात माणूस बसायचा कुठं?"

"हे काय काका, इथं."

"ते ड्रायव्हरच्या शेजारी झालं. मी विचारतोय, माणूस बसायचा कुठं?"

रॉनी हसला. सहादेव हसला नाही. त्यानं त्या लाल गाडीकडं पहिल्यांदा नीट बघितलं ते त्या क्षणी. तिला मागची सीटच नव्हती.

२

पुण्यातला कुणी जुन्या गाड्यांचा शौकीन काळी गाडी मागत होता. रॉनीचं म्हणणं, ती देऊन टाकावी आणि काकांनी लाल ठेवावी, तो मुंबईत दुसरी बघेल. बापूसाहेब नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "तुलना करू. पंधरा दिवस. एक दिवस ही, एक दिवस ती. रस्ता एकच, ड्रायव्हर एकच. इथून सुप्याचा स्टँड आणि परत. सहादेव शिकलेला आहे, वहीत लिहील. जी कमी पडेल ती जाईल."

संध्याकाळी रॉनीनं सहादेवला सिगारेट दिली. "काळी गेली की तू माझ्याबरोबर मुंबईला. दोस्ताचं वर्कशॉप आहे ताडदेवला. इंजिनं खोलायची, कुणाची दारं उघडायची नाहीत. आईवडिलांच्या खोलीचं मी काकांशी बोललोय, राहू देतील."

"आणि काळी राहिली तर?"

"तर तिला ड्रायव्हर लागेल ना यार."

म्हणजे एकतीस वर्षं. सहादेवनं एकवीस अधिक एकतीस केले. बावन्न. बाप बावन्नचाच होता.

वहीत लिहायचं तर मैलांचा मीटर दिसायला हवा होता. लाल गाडीचा लख्ख होता. काळीचा दिसतच नव्हता. दर खंडेनवमीला गहिनीनाथ गाडीची पूजा करायचा. चाकांना हळदकुंकू, बॉनेटवर झेंडू, आणि मीटरच्या काचेवर तेलात कालवलेला शेंदूर. बोटानं, जाड. एकतीस खंडेनवम्यांचे थर बसून काच मारुतीच्या दगडासारखी झाली होती. यंदा खाटेवरून उठता येईना तर बापानं आईच्या हातून लावून घेतला होता.

सहादेवनं रॉकेलचा बोळा आणि दाढीचं पातं घेतलं. आई, राहीबाई, दारातूनच म्हणाली, "नको रं पुसू. त्यांनी कदी पुसला न्हाई."

"म्हणून तर एकतीस वर्षांत त्यांना कळलं नाही किती चाकरी केली ते."

खोलीतून बापाचा आवाज आला. वारं गेल्यापासून त्याची जीभ जड झाली होती, अर्धे शब्द तोंडातच राहायचे. सहादेवला वाटलं पाणी मागतोय. त्यानं आईला पाणी द्यायला सांगितलं आणि पातं काचेवर घासलं. शेंदराचे पोपडे त्याच्या मांडीवर पडले. आतले आकडे कोरे, स्वच्छ, जणू कालच बसवलेले.

बापाला पाणी नको होतं. तो बराच वेळ ओरडत होता.

३

पहिला दिवस लाल गाडीचा. किल्ली फिरवली की बाई गुरगुरायच्या. गिअरचा दांडा पंजात मावेल एवढा, क्लच लोण्यासारखा. चास मागं पडलं ते कळलं नाही. सुप्याला पोचायला पाऊण तास नाही लागला. सहादेव जमिनीपासून वीतभर उंचीवर बसला होता आणि जगात पहिल्यांदा कुणाच्या खाली नव्हता. येताना रॉनी शेजारी बसून गाणी म्हणत होता, बेसूर. वहीत लिहिलं: जाताना साडेवीस मैल, येताना साडेवीस. एकूण एकेचाळीस.

दुसरा दिवस काळीचा. तिला पुढून हँडल मारून जागं करावं लागे. चुकीच्या वेळी अंगठा दांड्यावर राहिला तर मोडणार. गिअर सीटच्या बाहेर उजव्या हाताला, पितळी भोंगा, ताडपत्रीचं छप्पर. ड्रायव्हरची सीट म्हणजे पाटावर चामडं ठोकलेलं. मागची सीट मात्र दिवाणखान्यातल्या कोचासारखी, गुबगुबीत, आणि पाय लांब करायला जागा एवढी की ड्रायव्हरचं कुटुंब तिथं जेवायला बसलं असतं. कुणीतरी विलायतेत बसून हे सगळं ठरवलं होतं. कुणाला किती मऊ लागावं ते.

दुपार टळल्यावर तो परत आला. बापूसाहेबांची संध्याकाळची चहाची वेळ झाली होती. वहीत लिहिलं: जाताना साडेएकोणतीस, येताना साडेवीस. एकूण पन्नास.

त्यानं बेरीज पुन्हा केली. मग वही बंद केली. पन्नास वर्षांचं यंत्र, दाते झिजले असतील, अडकत असतील, एखादा उडत असेल.

पण येताना नेमके साडेवीस कसे आले?

तिसऱ्या फेरीला लाल, एकेचाळीस. चौथीला काळी. जाताना साडेएकोणतीस, येताना साडेवीस.

४

स्टेशन रोडच्या कोपऱ्यावर शलमोनचं गॅरेज होतं. म्हातारा मिशनच्या शाळेत शिकलेला, दर रविवारी चर्चला जाणारा आणि बाकीचे सहा दिवस इंजिनांना शिव्या देणारा. त्या भागात सहादेव मान देत असे असा हा एकच वडीलधारा, कारण तो कुणाची गाडी आहे ते न बघता कुठं बिघडलीय तेवढं बघायचा.

त्यानं मीटरची तार काढली, बोटांत फिरवली, परत बसवली. "तार नवी वाटती," तो म्हणाला. त्याला ते आवडलं नाही. "बस. इथून जकात नाक्यापर्यंत बरोबर एक मैल. मिल्ट्रीवाल्यांनी साखळीनं मोजलाय."

तीन वेळा गेले, तीन वेळा आले. सहा मैल. मीटरनं सहा दाखवले. एक रेघ इकडं नाही की तिकडं नाही.

"मीटर बरोबर हाय."

"मग नऊ मैल कुठून येतात?"

"पेट्रोल किती पितीया?"

"वीस लिटर."

शलमोननं बोटं मोजली. "एकेचाळीसला सोळा, साडेसोळा. वीस म्हंजी पन्नासच." त्यानं चिंधीला हात पुसले, पुसतच राहिला. "तू वाट वाकडी करतोस का कुठं? पोरीबिरीकडं?"

"नाही हो काका."

"मग दुसरा ड्रायव्हर बघाय सांग." तो बॉनेटपाशी उभा होता, पण बोलताना त्याची नजर मागच्या सीटवर गेली आणि लगेच परत आली. "तुझ्या बापाला मी कैकदा म्हनलो, गहिनी, शेंदूर पूस, मीटरला तेल देऊ. तो म्हनायचा, मोजू नये. घरात भाकरी मोजत न्हाईत, कळपात शेरडं मोजत न्हाईत, तसंच. मोजलं की लागू व्हतं."

"अडाणीपणा."

"व्हय," शलमोन म्हणाला. "मी बी त्याला तेच बोललो हुतो."

५

सहाव्या फेरीला सहादेवनं वही मांडीवर ठेवली आणि प्रत्येक गावापाशी आकडा टिपला. चास, साडेपाच. बरोबर. पुढं चढण, चढणीवर दुष्काळी कामाची खडी, खडी फोडणाऱ्या बायका, एक लिंबाचं झाड, उतार आणि कामरगाव. कामरगावला नऊ यायला हवे होते. आले अठरा.

मधलं सगळं त्याला आठवत होतं. चढण, बायका, लिंब, उतार. कुठं भोक नव्हतं. त्यानं दोन्ही आकडे पुन्हा वाचले. माणसाला जर झोप लागली असती, चक्कर आली असती, तर त्याला धरायला काहीतरी होतं. इथं सगळं सलग होतं आणि तरी त्यात नऊ मैल मावले होते.

तो खाली उतरला. डाव्या बाजूच्या फूटबोर्डावर चिखल होता. ओला, काळा, चिकणा. त्यानं चिमूट घेतली, दाबली. पाण्याचा थेंब मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. मृगापासून जिल्ह्यात पाऊस नव्हता. विहिरींच्या तळाला भेगा पडल्या होत्या. त्यानं हुंगून बघितलं. भिजल्या शेताचा वास होता, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, फुलं शिळी झाल्यावर येतो तसा.

दुसऱ्या दिवशी लाल गाडी होती. चढणीवर त्यानं ती मुद्दाम थांबवली. बायका भाकरी खात होत्या. दगडाबाई म्हणून एक होती, तोंडाची तिखट, बाकीच्या तिच्याकडं बघून हसायच्या.

"तांबडीतनं आला की बोलतोस व्हय रं?" ती म्हणाली. "काळीत असतोस तवा मुंडी वर करत न्हाईस."

"मी कधी थांबलो इथं?"

"घ्या. दिवसाआड थांबतोस की. त्या लिंबापाशी. खाली उतरतोस, मागलं दार उघडतोस आन् ऱ्हातोस हुबा, खाली मान घालून. आमी म्हनतो गाडी तर रिकामी, ह्यो उतरवतो कुनाला?"

"बायकू आसंल," शेजारची बायडाबाई म्हणाली. "दुष्काळानं वाळली, दिसंना झाली."

सगळ्या हसल्या. सहादेवनं विचारलं, "किती वेळ उभा असतो?"

"आमच्या भाकरी खाऊन, पानी पिऊन, तंबाखू मळून व्हती तवर." दगडाबाईचं हसू आता आटलं होतं. तिला त्याचं तोंड नीट दिसलं असावं. "हाका मारल्या तुला. काल मी खडा बी मारला, बारका. पाठीत बसला बग. हलला न्हाईस बाबा."

"गाडी? गाडी पुढं गेली का कुठं?"

"तू खाली, मंग गाडी कोन नेनार? हुबी व्हती."

घरी येऊन त्यानं सदरा काढला आणि आईला पाठ दाखवली. पाठीच्या उजव्या फऱ्यावर रुपयाएवढा काळानिळा डाग होता. आईनं कुणाशी भांडलास विचारलं. तो नाही म्हणाला, आणि ते खरं होतं, आणि तेच वाईट होतं.

६

आठव्या फेरीला त्यानं काळीचं मागचं डावं दार तारेनं बांधलं. जाड तार, पकडीनं सात पीळ. निघाला. चढण, बायका, लिंब, उतार. कामरगावला अठरा. दाराला तार नव्हती. त्याच्या सदऱ्याच्या खिशात ती सापडली, सरळ करून, नीट गुंडाळी करून ठेवलेली. त्याची बोटं कुठं खरचटली नव्हती. त्याच्या पकडीला जे सात पीळ घालायला घाम फुटला ते कुणीतरी घाई न करता सोडवले होते, आणि तो कुणीतरी तोच होता.

त्या दिवशी तो बापाच्या खाटेजवळ जाऊन उभा राहिला. बसला नाही.

"आबा, चासच्या चढणीवर तुमी दार उघडायचा का?"

गहिनीनाथनं छताकडं बघितलं.

"लोकांच्या पोरांना बाप जमीन देतात, दुकान देतात. तुमी मला हे दिलं. निदान सांगून तरी द्यायचं. कोण उतरतं तिथं?"

बापाची जीभ हलली. शब्द यायला वेळ लागला. "दार काय... उतरवायलाच उघडत्यात व्हय."

सहादेवला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याची पाठ भिंतीला लागलेली होती. केव्हा लागली ते आठवेना.

"मग तुमी त्याला... कुठं नेता?"

"म्या बघितलं न्हाई. शेंदूर लावला. वर बघायचं न्हाई, मोजायचं न्हाई, मागं वळायचं न्हाई. मंग घरी येता येतं." बापाचा डावा हात त्याच्या सदऱ्याकडं आला, धरू शकला नाही. "तुला हाका मारत हुतो मी. तू पानी पाजलंस."

"बापूसाहेबांना माहीत आहे?"

गहिनीनाथनं डोळे मिटले. एकतीस वर्षांत त्यानं मालकाविरुद्ध एक शब्द काढला नव्हता आणि आता जीभ अर्धी मेली तरी ती सवय जिवंत होती. सहादेवला त्याची कीव आली असती. पण त्याला राग जास्त सोपा जात होता.

७

पंधराव्या दिवशी त्यानं ओसरीवर वही वाचून दाखवली. रॉनी कठड्यावर बसला होता, बापूसाहेब झोपाळ्यावर. वेग: लाल तिप्पट. पेट्रोल: लाल निम्म्याहून कमी. चालू करणं: लाल किल्लीवर, काळी हँडलवर आणि नशिबावर. ब्रेक: काळीचे विनंतीवर लागतात. सावली, उंची, भोंगा, मान, या बाबतीत काळी वरचढ. सुटे भाग: लालचे विलायतेहून, काळीचे देवाघरून. रॉनी खूश होऊन मांडी थोपटत होता.

"आणि अंतर," सहादेव म्हणाला. "लाल एकेचाळीस. काळी पन्नास. त्याच रस्त्यानं."

रॉनीला तो विनोद वाटला. बापूसाहेबांनी पायानं झोपाळा थांबवला.

"नऊच?"

"दरवेळी नऊ."

"गहिनीनाथला पहिल्या साली, शेंदराच्या आधी, दीड पडायचा," बापूसाहेब म्हणाले. पिकाचा उतारा सांगावा तसं. "तुझा हात चांगला आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मी मागं बसतो, सहादेव. मागच्याला मीटर दिसत नाही." ते हसले नाहीत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि सहादेवला दिसलं की म्हातारा घाबरलेला आहे, आणि फार जुना घाबरलेला आहे, इतका की आता त्याला त्याची लाजही राहिली नाही. "मी हल्ली बसत नाही तिच्यात. शेजारी फार थंड लागतं."

झोपाळा पुन्हा हलला. "ठीक. तुलना झाली. लाल राहील. काळी पुण्याला द्या. पण पोचवायची ती घरच्या ड्रायव्हरनं, चालवत. ट्रकवर घालून नाही, दुसऱ्याच्या हाती नाही. एवढं केलं की तू मोकळा. खोली तुझ्या आईबापांना, मरेपर्यंत. कागद करून देतो."

सहादेवनं कागद आधी मागितला. बापूसाहेबांनी कोऱ्या कागदावर लिहून, सही करून, तिथंच दिला. इतक्या चटकन दिला की त्यानं तेव्हाच तो परत करायला हवा होता.

८

बुधवारी बाजार, खडीवर सुट्टी. तो दिवस रॉनीनं ठरवला, रस्ता मोकळा मिळेल म्हणून. सहादेवला तो दिवस नको होता; चढणीवर त्याला बघायला बायका नसणार होत्या. नको का, हे सांगितलं असतं तर रॉनी मांडी थोपटून हसला असता. शलमोनकडं तो गेला होता, तुम्ही चालवाल का विचारायला; म्हातारा म्हणाला, "पुण्यापातुर मी तुझ्या मागं सायकलवर येतो म्हन, पर तिच्या पेडलवर पाय ठेवनार न्हाई."

तेव्हा सहादेवनं इंजिनवाल्याची अक्कल चालवली. चढणीवर हात दाराला जातो, तर धरायला मूठच राहू द्यायची नाही. त्यानं मागच्या डाव्या दाराची मूठ आतून-बाहेरून खोलली. दोन्ही तुकडे फडक्यात बांधून आपल्या पत्र्याच्या पेटीत टाकले. दुसरी गाडी मिळेपर्यंत लाल रॉनीच नेणार होता; पेटी तिच्यात, त्याच्या शेजारच्या सीटवर. पुण्याला काळी सोडायची, मूठ बसवून द्यायची, पेटी मांडीवर घ्यायची आणि मुंबई. दाराच्या चौकटीत त्यानं दोन स्क्रू आडवे मारले. आता ते दार उघडायचं तर कुऱ्हाड लागली असती.

आईनं त्याच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं. बाप खाटेवरून बघत होता. रॉनी म्हणाला, "तू हो पुढं, मी पेट्रोल भरून गाठतो तुला. सुप्याला भजी."

चास, साडेपाच. चढण सुरू झाली. सहादेव मोठ्यानं बोलायला लागला, जे सुचेल ते, गिअरांची नावं, मास्तरांची नावं, शिव्या. रस्ता रिकामा होता. खडीचे ढीग, उपडी घमेली. लिंब दिसला. त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. गाडीनं वेग घेतला आणि लिंब मागं पडला.

पडला. त्यानं वळून नाही, आरशात बघितलं. लिंब मागं होता, लहान होत चालला होता. तो हसला. गळ्यातून आवाज विचित्र निघाला.

मग पुढं पुन्हा लिंब होता.

आणि रस्ता ओला होता. दोन्ही बाजूंना काळी भिजलेली जमीन पसरली होती, आणि पाण्याची चकाकी होती, सगळीकडं, दुष्काळातल्या माणसानं स्वप्नात बघावी इतकी. गाडी आपोआप सावकाश होत गेली, मालकाच्या दारात होते तशी. रस्त्याच्या कडेला अंतराअंतरावर माणसं उभी होती. पाठमोरी, खाली मान. कुणी धोतरात, कुणी खाकी सदऱ्यात, एकाच्या डोक्यावर जुन्या तऱ्हेचा फेटा. प्रत्येकाचा उजवा हात पुढं, कोपरात वाकलेला, बोटं मिटलेली, दाराची मूठ धरावी तशी. समोर दार मात्र नव्हतं. शेवटच्याचा उजवा खांदा खाली उतरला होता. त्या खांद्यावर बसून सहादेव लहानपणी जत्रेला गेला होता. तो माणूस अर्ध्या तासापूर्वी केडगावात खाटेवर होता.

त्याच्या पलीकडं एका माणसाची जागा मोकळी होती.

मी उतरत नाही, सहादेव म्हणाला. निदान त्याला वाटलं की म्हणाला. तोवर चिखल चपलेत शिरला होता. तो गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आला. मान वर करायची होती. सगळा जोर लावला, मानेच्या शिरा तटतटल्या, आणि नजर फूटबोर्डाच्या वर गेली नाही. उजव्या हाताला थंड, ओलं पितळ लागलं. मूठ होती. दार उघडलं, स्क्रू कुठं अडले नाहीत.

लांबून इंजिनाचा आवाज आला. तो आवाज तो झोपेतही ओळखला असता. मान खालीच, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली: लाल गाडी चढण चढून आली, कोरड्या रस्त्यावरून, धुरळा उडवत, त्याच्यापासून पाच हातांवरून. रॉनी गाणं म्हणत होता. त्याची नजर सहादेववरून अशी गेली जशी मैलाच्या दगडावरून जाते. शेजारच्या सीटवर पत्र्याची पेटी उन्हात चमकली, आणि उतारावरून खाली गेली, सुप्याकडं, भज्यांकडं, पुण्याकडं, मुंबईकडं. धुरळा खाली बसला. तो ओल्या रस्त्यावर बसला नाही.

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. तेव्हा शेजारून काहीतरी गेलं. पाऊल नाही, कापड नाही, फक्त थंडी, माणसाच्या उंचीहून जरा जास्त उंच. शिळ्या फुलांचा वास आला. गाडीच्या मागच्या स्प्रिंगा कुरकुरल्या आणि खाली बसल्या, बऱ्याच बसल्या. मग कोचाचं चामडं करकरलं. कुणीतरी ऐसपैस टेकलं होतं.

सहादेव वाट बघत उभा राहिला, आत सगळं नीट आवरून होईपर्यंत. मग त्यानं दार लावलं. आवाज होऊ न देता, आधी तळहातानं टेकवून, मग अंगठ्यानं हलकेच दाबून.

असं लावायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.